वस्तीतल्या मुलांना डोंगरात न्यायचंय? पैशांची जमवाजमव अशी करा

सिंहगडाच्या अतकरवाडीच्या वाटेवर निम्मा चढ संपला आणि सहावीतल्या एका मुलीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने कुणाला हाक मारली नाही. चप्पल हातात घेतली आणि अनवाणीच चालू लागली. वर टाक्यापाशी सगळे बसले तेव्हा तिच्या टाचेची चीर आमच्या लक्षात आली. आमच्या अंदाजपत्रकात बस होती, जेवण होतं, संस्थेचं नाव छापलेला बॅनरसुद्धा होता. बूट नव्हते. तीस मुलांपैकी किती जणांकडे पायात घालण्यासारखे बूट आहेत, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

ही मुलगी पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहते. रात्री तिच्या दारातून गडावरच्या टॉवरचे लाल दिवे दिसतात. रोज दिसणाऱ्या त्या दिव्यांपर्यंत पोचायला तिला अकरा वर्षं लागली, ती अंतरामुळे नाही. तिकिटाचे पैसे, पायातली चप्पल, आईचा बुडणारा रोज, घरी पाणी कोण भरणार हा प्रश्न, या सगळ्यामुळे लागली. म्हणून निधी उभा करायचा तो या गोष्टींसाठी. हा लेख नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे: शाळेतले शिक्षक, वस्तीत अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते, गिर्यारोहण क्लबातली तरुण मुलं-मुली, आश्रमशाळेतल्या अधीक्षिका.

एक गोष्ट आधीच सांगते. अमेरिकेत चौथीतल्या मुलांना कुटुंबासह राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर फुकट प्रवेश देणारी योजना आहे. न्यू मेक्सिको राज्याने तर २०१९ मध्ये वंचित मुलांना निसर्गात नेण्यासाठी खास निधीच स्थापन केला. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही. एसटीची सवलत एका कार्यालयात, शाळेतल्या इको क्लबचे (पर्यावरण मंडळाचे) पैसे दुसरीकडे, ग्रामपंचायतीचा निधी तिसरीकडे, कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, चौथीकडे. तुकडे भरपूर आहेत, पण गोधडी आपल्यालाच शिवावी लागते.

आधी मुलं आणि जागा, मग पैसे

बहुतेक नवे लोक उलट क्रमाने जातात. देणगीदार मिळाला की बस ठरवतात आणि मग मुलं गोळा करतात. अशा सहलीत निम्मी मुलं ऐनवेळी गळतात आणि दुसऱ्या सहलीला वेगळीच मुलं येतात.

पंचवीस-तीस मुलांचा एकच गट धरा आणि वर्षातून चार वेळा त्यालाच बाहेर न्या. पहिली फेरी चालत जाता येईल अशा जागी. धारावीतल्या मुलांसाठी रस्त्यापलीकडेच महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं हे सदतीस एकरांचं रान १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे, तरी वस्तीतल्या कित्येक मुलांनी ते आतून पाहिलेलं नसतं. बोरिवली-मुलुंडकडच्या मुलांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, गोरेगावात चित्रनगरीला लागून बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, नवी मुंबईकरांना ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र आणि ठाणे खाडीतले रोहित पक्षी आहेत. पुण्याला टेकड्या, नाशिकला पांडवलेणी, नागपूरला गोरेवाडा. हे वाचताना तुमच्या गावाजवळचा ओढा किंवा देवराई आठवली असेल तर तीच घ्या.

मग दुसरी फेरी अर्ध्या दिवसाची, तिसरी पूर्ण दिवसाची आणि चौथी एका मुक्कामाची. मुक्कामापर्यंत पोचताना पालकांनी तुम्हाला तीनदा मुलं सुखरूप परत आणताना पाहिलेलं असतं. मुलींच्या बाबतीत हा विश्वास कुठल्याही देणगीपेक्षा मोलाचा आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी मुक्कामाला नऊ मुली आल्या होत्या, दुसऱ्या वर्षी सतरा. मधल्या काळात निधी वाढला नव्हता. आयांशी बोलणं वाढलं होतं.

खर्च लिहिताना काय राहून जातं

इथे थोडं थांबते, कारण अर्ज बहुतेकदा इथेच ढिले पडतात. तीस मुलं आणि चार मोठी माणसं धरून आमच्या वहीतला एका वर्षाचा हिशेब असा आहे. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण रकाने तेच राहतील.

टेकडीच्या पहिल्या फेरीला फक्त नाश्ता: माणशी ४० रुपये, म्हणजे १,३६०. सिंहगडाला पीएमपीचं (पुण्याच्या शहर बसचं) तिकीट, नाश्ता आणि वरचं पिठलं-भाकरी मिळून माणशी २५०, म्हणजे ८,५००. तिसरी फेरी भिगवणला, उजनीच्या पाणफुगवट्यावर पक्षी बघायला: भाड्याची बस १२,०००, होड्या ६,०००, जेवण ५,१००. चौथी फेरी राजगडाच्या पायथ्याशी एका मुक्कामाची: बस १४,०००, राहणं-जेवण माणशी ६०० प्रमाणे २०,४००, दोन प्रशिक्षकांचं दोन दिवसांचं मानधन ८,०००. चारही फेऱ्यांचे झाले ७५,३६० रुपये.

इथपर्यंत कुणीही लिहितं. पुढचं राहून जातं. बूट तीस जोड, ५०० प्रमाणे १५,०००. प्रथमोपचाराची पेटी २,०००. सामूहिक अपघात विमा १,७००. सॅनिटरी पॅड, जुनी वर्तमानपत्रं, कागदी पिशव्या आणि एक जादा सलवार १,०००. पालकसभांचा चहा, फेरीआधी जागा बघून येण्याचा प्रवास २,०००. हे सगळं धरून ९७,०६० होतात. त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च धरला की १,०६,७६६. म्हणजे एका मुलामागे वर्षाला साधारण साडेतीन हजार रुपये.

हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवा. देणगीदाराला लाखाचा आकडा लांबचा वाटतो. साडेतीन हजारांत एका मुलीचं वर्ष, बुटांसकट, हे त्याला लगेच समजतं. आणि बुटांचा रकाना कुणी कापायला सांगितला तर कापू नका. त्याऐवजी भिगवणची फेरी कापा.

पॅडबद्दलही संकोच करू नका. पहिल्या पाळीच्या वयाच्या मुली गटात असतात. मुक्कामाच्या ठिकाणी दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह आहे का, हे जागा ठरवतानाच बघायचं असतं. ते नसेल तर जागा बदलायची.

आणखी एक खर्च वहीत दिसत नाही, तो वेळेचा. आमच्या वस्तीत पाणी संध्याकाळी पाचला येतं आणि भरायला घरातली मोठी मुलगीच असते. सहल सातला परतणार असं सांगितलं की मुलींची नावं गळायची. चारला परतणार म्हटल्यावर ती परत आली. पालकसभेत हा प्रश्न थेट विचारा: "तुमच्या मुलीला कुठल्या वेळेपर्यंत घरी यायला हवं?"

जे फुकट किंवा अर्ध्या पैशांत मिळतं ते आधी घ्या

शाळेच्या नावाने सहल असेल तर एसटी शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते. आगारप्रमुखांच्या नावे मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळा एकदम धावतात आणि गाड्या मिळत नाहीत, म्हणून दिवाळीआधीच तारीख घ्या. गाडी पूर्ण न ठरवता नेहमीच्या एसटीने जाणार असाल तर १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तिकीट आहेच, शिवाय मार्च २०२३ पासून सगळ्या मुली-बायकांना अर्धं तिकीट लागतं. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना वर्षातून एका अभ्याससहलीसाठी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत आहे. ही सवलत फार कमी शाळा वापरतात.

केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातल्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कार्ला, भाजे, कान्हेरी, रायगड ही नावं त्यात येतात. जाताना मुलांचे वयाचे दाखले किंवा शाळेचं शिक्का मारलेलं यादीपत्र सोबत ठेवा. कान्हेरीला जायचं तर राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं असतं, ते विसरू नका.

वनविभागाकडे जायचे दोन आठवडे कॅलेंडरवर लाल करून ठेवा. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह आणि ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. नोव्हेंबरचा आठवडा मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत साजरा होतो. या दिवसांत वनविभागाला कार्यक्रम करायचेच असतात आणि त्यासाठी मुलं हवी असतात. महिनाभर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र देऊन ठेवलं तर प्रवेश, माहिती सांगणारा वनरक्षक आणि कधीकधी नाश्ताही मिळून जातो. पत्रावर पोच घ्यायला विसरू नका.

सरकारी पैसा कुठे पडून असतो

शाळेपासून सुरुवात करा. समग्र शिक्षा अभियानात युवा व इको क्लबसाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिकला १५,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंतची तरतूद ठरलेली आहे. याशिवाय राष्ट्रीय हरित सेनेच्या शाळा आहेत, आपल्याकडे ते काम सामाजिक वनीकरण विभाग बघतो. शाळेच्या खात्यात पैसे येतात, कुंड्या आणि फलक आणले जातात, आणि मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्र जातं. मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोला. त्यांना नवं काम नको असतं, पण सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा भरवा असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं आणि ते दहा दिवस कसे भरायचे हा त्यांच्यासमोर प्रश्न असतो. तुमच्या चार फेऱ्या म्हणजे त्यांच्या दहापैकी पाच दिवस. बोलणं इथून सुरू केलं की सहसा दार उघडतं.

गावात काम करत असाल तर ग्रामपंचायतीकडे जा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला-बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसाचा (आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के अबंध, म्हणजे कामाची अट नसलेला, निधी मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. ग्रामसभेत मुलांचा विषय मांडायचा तर मुलांनाच बोलू द्या. आणि ठराव झाला की त्याची प्रत त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून) घ्या, कारण पुढची सगळी कागदं त्या ठरावावर चालतात.

आदिवासी मुलांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची पायरी चढा. तिथे न्यूक्लिअस बजेट नावाची योजना असते. मोठ्या योजनांत न बसणाऱ्या स्थानिक गरजांसाठी तिच्यातून प्रकल्प अधिकारी मंजुरी देऊ शकतात आणि त्यात प्रशिक्षणाचा भाग आहे. या विभागाने साहसाच्या क्षेत्रात काय करून दाखवलं हे अर्जात जरूर लिहा: मिशन शौर्यमधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं-मुली मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. ज्या विभागाने हे केलं त्याला तुमची राजगडाची मोहीम लहान वाटणार नाही, आपलीच वाटेल.

व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणखी एक दार ठोठवावं. प्रवेशद्वारावर पर्यटकांकडून घेतलेलं शुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातं, ही सोय वन्यजीव कायद्यात २००६ च्या दुरुस्तीने झाली. ताडोबात याच व्यवस्थेतून ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम उभा राहिला आणि जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावांची शाळकरी मुलं जिप्सीत बसून जंगल बघायला लागली. ज्या वाघामुळे गुरं जातात, सरपणाला जाताना जीव मुठीत धरावा लागतो, तो वाघ या मुलांनी पहिल्यांदा न घाबरता पाहिला. तुमच्या जवळच्या व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांना असा उपक्रम तुमच्या गावासाठी मागण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

कागदपत्रं: एकटे असाल तर छत्री शोधा

संस्था नोंदवायची घाई करू नका. महाराष्ट्रात संस्था नोंदणी आणि विश्वस्त नोंदणी दोन्ही धर्मादाय कार्यालयात होतात. पुढे दरवर्षी लेखापरीक्षण करावं लागतं आणि विश्वस्तांत वगैरे काही बदल झाला की बदल अर्ज भरावा लागतो. पहिल्या वर्षी हे ओझं नको. पण नोंदणी नसताना रस्त्यावर डबा फिरवून वर्गणीही गोळा करता येत नाही. गणेश मंडळं जशी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात तशी घ्यावी लागते.

मधला रस्ता चांगला आहे. तुमच्या भागात आठ-दहा वर्षं काम करणारी, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी असलेली विश्वासू संस्था शोधा आणि तिच्या छत्राखाली हा प्रकल्प चालवा. तिच्याकडे हे कागद आहेत का बघा: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए व ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, सीएसआर-१ क्रमांक (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी), गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. लेखी करार करा आणि पैसे त्यांच्या खात्यात आले तरी खर्चाची स्वतंत्र वही तुमच्याकडे ठेवा.

देणगीदाराला करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोखीत घेऊ नका, तिला ८०जीची सवलत मिळत नाही. आणि मिळालेल्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं, म्हणून प्रत्येक देणगीदाराचा पॅन त्याच दिवशी लिहून घ्या. मे महिन्यात चाळीस जणांना फोन करत बसण्याची वेळ आमच्यावर आली होती.

सीएसआर: दारात काय बोलायचं

५०० कोटींचं निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातली एक जरी अट लागू झाली तरी कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ ते हेच. मोठ्या नावांच्या मागे सगळेच धावतात. तुम्ही जवळच्या एमआयडीसीतल्या मधल्या कंपन्या बघा. त्यांच्याकडे रक्कम लहान असते, पण भेटणारा माणूस निर्णय घेणारा असतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कुठल्या कामांवर हा पैसा खर्चता येतो याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि तिच्यात सहल हा शब्द नाही. शिक्षण आहे, पर्यावरण आहे, सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या गटांची विषमता कमी करणं आहे, वारसा जतनही आहे. तुमचं काम यातल्या एका शीर्षकाखाली बसवा. दुसरं म्हणजे, एकाच दिवसाचा कार्यक्रम, मॅरेथॉन, बक्षीस समारंभ अशा एकदाच्या गोष्टी सीएसआरमध्ये धरल्या जात नाहीत, हे केंद्र सरकारने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे. म्हणून एका सहलीसाठी कंपनीकडे गेलात तर नकारच येईल. त्याच मुलांच्या वर्षभराच्या चार फेऱ्या, आधी-नंतरचे वर्ग आणि नोंदी असा प्रकल्प घेऊन जा. हे कायद्याला धरून आहे आणि मुलांच्याही भल्याचं आहे.

प्रस्ताव दोन पानांचा पुरतो. पहिलं वाक्य असं लिहू नका: "मुलांना निसर्गाची ओळख करून देणे व त्यांच्यात पर्यावरणविषयक जाणीव निर्माण करणे हा प्रकल्पाचा उद्देश आहे." असं शंभर अर्जांत असतं. असं लिहा: "पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीतली सहावी-सातवीची तीस मुलं, त्यांत सतरा मुली, ऑक्टोबर ते फेब्रुवारी चार वेळा बाहेर जातील. त्यांतल्या चोवीस जणांनी पुण्याबाहेर एकही रात्र काढलेली नाही." दुसऱ्या वाक्यातला आकडा मिळवायला तुम्हाला वस्तीत फिरून विचारावं लागतं. ते फिरणंच तुमच्या अर्जाचं वजन.

प्रशिक्षकाचं मानधन टाकायला घाबरू नका. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. तुमच्या प्रकल्पात मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा खर्च हा प्रकल्पाचाच खर्च असतो.

वेळेचं म्हणाल तर कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. एप्रिल ते जून भेटी, जुलैत प्रस्ताव, म्हणजे पावसाळा सरता सरता पहिली फेरी. फेब्रुवारीत काही कंपन्यांकडे खर्च व्हायचा पैसा उरलेला असतो आणि त्या घाईने विचारतात. तेव्हा हो म्हणण्याआधी दहावेळा विचार करा. मार्चच्या उन्हात मुलांना गडावर चढवून कुणाचा तरी ताळेबंद जुळवायचा नसतो. तो पैसा बूट, दुर्बिणी, पाठपिशव्या, दोर अशा टिकाऊ गोष्टींसाठी मागा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. बारावा तमिळनाडूतला जिंजी. या किल्ल्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या धनगर, कातकरी, महादेव कोळी मुलांनी तिथला वाटाड्या म्हणून शिकावं असा प्रकल्प सध्या मांडायला अगदी योग्य वेळ आहे.

जवळची माणसं

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष बदलतो. होऊ घातलेल्या अध्यक्षाला मे महिन्यात भेटा, तेव्हा तो वर्षाचे उपक्रम ठरवत असतो. ऑगस्टमध्ये गेलात तर यादी भरलेली असते. गणेश मंडळांकडे रोख मागण्यापेक्षा वस्तू मागा: तीस जोड बूट, एक बस. मंडळाला ते अहवालात फोटोसकट छापता येतं आणि कार्यकर्ते हौसेने बस सजवूनही देतात.

गिर्यारोहण क्लबांकडून पैसे नाही, माणसं मागा. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेले क्लब जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वाट माहीत असलेली, दोर बांधता येणारी दोन माणसं रविवारी मिळाली की अंदाजपत्रकातले आठ हजार वाचतात.

परदेशातल्या नातेवाइकांकडून देणगी घेताना मात्र सांभाळून. मावसभाऊ दुबईत नोकरी करतो आणि त्याचा पासपोर्ट भारतीय आहे, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत त्याने दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. न्यू जर्सीतल्या आत्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तिचे शंभर डॉलरसुद्धा एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या संस्थेला घेता येत नाहीत, मग तिच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. प्रेमाने आलेल्या पैशांनी चांगल्या संस्था अडचणीत आलेल्या आहेत. आधी पासपोर्ट विचारा, त्यात अपमान काही नाही.

सुरक्षितता ही पैशांइतकीच अट आहे

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आम्ही पाण्यात उतरायचं कधीच ठरवत नाही, जून ते सप्टेंबर गड चढत नाही, आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यात किमान दोन बायका, असा नेम पाळतो. शाळेच्या नावाने जात असाल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि प्रत्येक पालकाचं लेखी संमतिपत्र हवं. अंगठा उठवणाऱ्या पालकाला संमतिपत्र मोठ्याने वाचून दाखवा: कुठे जाणार, कधी येणार, सोबत कोण, काही झालं तर कोणत्या दवाखान्यात नेणार.

दोरावरचं काम, झिपलाइन, नौकाविहार अशा गोष्टी दुसऱ्या कुणाकडून करून घेणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र हातात घेऊन बघा. फोटोंचंही ठरवून ठेवा. देणगीदाराला मुलांचे चेहरे हवे असतात. पालकांनी परवानगी दिली नसेल तर पाठमोरे फोटो द्या, पायांचे द्या. कुठल्याही मुलाच्या हातात कंपनीचा फलक देऊन उभं करू नका.

परतल्यावर

खर्चाच्या पावत्या त्याच रात्री वहीत चिकटवा. भिगवणच्या नावाड्याकडे छापील पावती नसते, म्हणून साध्या कागदावर रक्कम, तारीख, होडीच्या फेऱ्या लिहून त्याची सही घ्या आणि शक्यतो पैसे यूपीआयने द्या. हिशेबनीस तेवढं मान्य करतात.

अहवालात मुलांचं लिखाण जसंच्या तसं द्या, शुद्धलेखन न सुधारता. एका मुलाने चौथ्या फेरीनंतर वहीत एवढंच लिहिलं होतं: "रात्री लाईट नव्हती तरी दिसत होतं." पुढच्या वर्षीचा निधी मागताना आमच्या पत्राची सुरुवात त्याच ओळीने झाली. बाकी आकडे द्या: किती आले, किती गळाले आणि का गळाले. गळालेल्यांची कारणं लपवू नका, कारण पुढच्या वर्षीचा खर्च तिथूनच निघतो. आमच्या तीन मुली लहान भावंडांना सांभाळायला कुणी नाही म्हणून गळल्या होत्या. दुसऱ्या वर्षीपासून मुक्कामाच्या दिवशी अभ्यासिकेत एका ताईंना बसवायचं मानधन आम्ही अंदाजपत्रकात धरलं आणि त्या तिघी आल्या.

बुटांची यादी जूनमध्ये सुरू करा. प्रत्येक मुलाला कागदावर उभं करून पायाभोवती पेन्सिल फिरवा, वर नाव आणि तारीख लिहा. खरेदी मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, त्याच कागदांवर पाय पुन्हा ठेवून बघितल्यावर. चार महिन्यांत या वयाच्या मुलांचा पाय वाढलेला असू शकतो.